धुऱ्यावरची लांडोर

सोयाबीन गुडघ्याला लागलं की आमच्या शेतात दरवर्षी एक भांडण ठरलेलं. फवारणीवाला पाठीवर पंप अडकवून येतो आणि विचारतो, "काकू, धुऱ्यावर तननाशक मारू काय? भल्लं गवत झालं."

"धुऱ्याले हात लावाचा नाई."

"साप निंघंन त्याच्यात."

"निंघू दे. त्याचंबी काई काम असंन."

यावर तो माझ्याकडे असा बघतो, जसं काही काकूला ऊन लागलंय. यंदाही बघितलं. बघू दे बापडा. किन्हीराजाच्या शिवारात सगळ्यात घाणेरडा धुरा आमचा, हे मला काही कुणी सांगायला नको. आजूबाजूच्यांचे धुरे कसे न्हाव्यानं हजामत केल्यासारखे, आणि आमच्या बांधावर कंबरभर गवत, तरोटा, मधे मधे बोराटीची झुडपं. येणारेजाणारे बोलतात. बोलणाऱ्यांच्या घरी मी काही जेवायला जात नाही.

त्या गवतात लांडोर बसते. एवढंच कारण आहे, आणि मला ते पुरतं.

मोर नाचायला लागला की सगळ्यांच्या खिशातून मोबाइल निघतात. लांडोरीकडे कुणी ढुंकून बघत नाही. मातीच्या रंगाची, आखूड शेपटीची, मानेवर जरा हिरवी झाक, बस. पण आषाढ लागला की खरं काम तिचंच. मोराचं काय, तो नाचतो, ओरडतो आणि निघून जातो. घर बघायचं, अंडी घालायची, उबवायची, पिल्लं वाढवायची, सगळं ती एकटी करते. आणि घर तरी काय! चिमणीसुद्धा चार काड्या गोळा करते. ही बाई जमिनीत पायानं थोडं उकरते, दोन वाळली पानं इकडची तिकडं करते आणि बसते. वर छप्पर नाही, भोवती भिंत नाही. तिची सगळी भिस्त एकाच गोष्टीवर, की आपण कुणाला दिसणार नाही. आणि खरंच दिसत नाही. तिच्या जवळून बैलजोडी जाते, बाया निंदत जातात, ती मान आखडून बसलेली. पाय पडायच्या बेतात आला तरच उठते.

आमच्या ह्यांचा पाय तसाच पडायच्या बेतात आला होता. चार-पाच वर्षं झाली त्याला.

त्या उन्हाळ्यात ह्यांच्या छातीत कळ आली. वाशीमच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं, तिथं छातीत स्प्रिंग बसवली. माणूस वाचला, घरी आला, पण जो आला तो आमचा नव्हताच. पूर्वी हा माणूस घरात पाऊल टाकायच्या आधी आवाज घरात यायचा. आता भिंतीकडे तोंड करून पडलेला. डॉक्टरांनी सांगितलेलं, डवरा धरायचा नाही, पोतं उचलायचं नाही, फवारणीचा पंप तर बघायचासुद्धा नाही. हे म्हणाले, "मंग राह्यलं काय?" आणि जे गप्प झाले ते झालेच.

पेरणी मी केली. ट्रॅक्टर सांगितला, बियाणं आणलं, सोयाबीनच्या किती ओळींनी तुरीचं तास टाकायचं ते मीच ठरवलं. भीती वाटली नाही असं नाही, पण हात चालू असले की भीतीला बसायला जागा मिळत नाही, हा माझा अनुभव आहे. स्कूटीही त्याच वर्षी शिकले. पहिल्यांदा ह्यांना मागे बसवून गावातून निघाले तेव्हा ह्यांनी दुपट्टा असा तोंडावर ओढला, की लोकांना वाटावं मी कुण्या पाहुण्या बाईला स्टँडवर सोडायला चालले आहे.

आमचा एकुलता एक अमोल पुण्यात असतो. रोज संध्याकाळी त्याचा फोन. "आई, शेत मक्त्यानं देऊन टाक अन् बाबाले घेऊन इकडं ये. दवाखाने जवळ हायेत." पोराचं चूक नव्हतं. फोन ह्यांच्याकडे दिला की हे हातानंच खूण करायचे, तूच बोल. मला पुण्याला जायचं नव्हतं, हे सरळ सांगते. चौथ्या मजल्यावर तुळशीला पाणी घालत मी किती दिवस काढणार? पण ज्याच्यासाठी इथं राहायचं तोच भिंतीकडे तोंड करून पडला असेल, तर हट्ट तरी कशाच्या जोरावर करायचा? पोळ्यापर्यंत बघू, असं मी अमोलला सांगितलं होतं. पोळ्यापर्यंत ह्यांनी मान वर केली तर ठीक, नाहीतर शेत दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि बिछाना बांधायचा.

म्हणून मी ह्यांना रोज बळंच शेतात न्यायची. खोपीत बाज टाकून द्यायची, त्यावर हे बसायचे आणि काम करणाऱ्या बायांवर खेकसायचे. गोकर्णा नावाची बाई आमच्याकडे वर्षानुवर्षं निंदायला येते, जिभेनं माझ्याहून तिखट. ती एकदा म्हणालीच, "वहिनी, भाऊले घरी ठेवत जा व. इथं आमालेच निंदून राह्यले."

एका सकाळी हे लघवीला म्हणून धुऱ्यावर गेले आणि फडफड झाली. एवढा मोठा पक्षी पायाखालून उठला की धडधाकट माणसाचंही काळीज तोंडात येतं. माझ्या हातातलं खुरपंच गळालं. धावत गेले तर हे बोराटीपाशी वाकून उभे. मला हातानं थोपवलं.

"हळू ये. हळू. पाय पाहून टाक."

गवतात पाच अंडी. दुधावरच्या सायीच्या रंगाची, आमच्या गावरान कोंबडीच्या अंड्याच्या दुपटीनं मोठी. मी अंडी बघितली, पण खरं सांगू? मी ह्यांच्या तोंडाकडेच जास्त बघितलं. कित्येक दिवसांनी त्या तोंडावर कुणीतरी राहायला आल्यासारखं दिसत होतं.

त्या दिवसापासून दिनक्रमच बदलला. सकाळी मी चहा ठेवायच्या आत हे चपला घालून तयार. गोळ्या न सांगता घ्यायला लागले, कारण गोळीचं विसरलं की मी शेतात न्यायची नाही. बाज खोपीतून काढून बाहेर टाकली, धुरा दिसेल अशी. बायांना हुकूम, मोठ्यानं बोलायचं नाही. गोकर्णेला मोठ्यानं बोलू नको म्हणणं म्हणजे नाल्याला वाहू नको म्हणणं. पण तीही ह्यांच्यासाठी हळू बोलायला लागली. दुपारी भाकर सोडली की हे मला बातम्या द्यायचे. "उठते दुपारची एकडाव. पन उठली की सरळ नाई चालत, पाहाय. आंधी वाकून वाकून लांब जाते, मंग मान वर करते. कोनाले समजूच देत नाई कुठून आली." येतानाही तेच. इकडे एक किडा टिप, तिकडे थोडं उकर, अंड्यांशी आपला काही संबंधच नाही असं दाखवत गोल फिरून यायची, आणि एकदम गवतात दिसेनाशी व्हायची. ह्यांना तिचं फार कौतुक. तुऱ्यातलं एक पीस मोडलेलं होतं, त्यावरून ओळखायचे. मी म्हटलं, माझ्याकडं लग्नानंतर एवढं निरखून बघितलं असतं तर मी पण नाचले असते. तर हसले. खरंच हसले!

आता जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं. इकडे रानडुकरं आणि रोही उभं पीक लोळवतात, म्हणून शेताभोवती खुंट्या ठोकून त्यांना जुनी पातळं बांधतात. वारा आला की पातळ फडफडतं, जनावर बिचकतं आणि माघारी जातं. श्रावणात आमच्या शिवारातून चाललात तर कुण्या घरची बाई कोणत्या लग्नात काय नेसली होती ते सगळं धुऱ्यांवर वाचता येतं. तर एके दिवशी बातमी आली, शेजारच्या शेतात डुकरं शिरली. ह्यांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, मी बायांसोबत पार खालच्या टोकाला निंदत असताना, लांडोर चरायला उठलेली बघून, घरट्याभोवती चार खुंट्या ठोकल्या. घरून येताना माझं पिवळं पातळ पोटाशी लपवून आणलं होतं. चांगलं पातळ! अजून दोन वर्षं नेसले असते. ते चारी बाजूंनी ताणून बांधलं आणि मोठं काम केल्यासारखे बाजेवर येऊन बसले.

लांडोर आली. तिचं ते किडे टिपणं, गोल फिरणं सगळं झालं. मग मान वर करून बघते तर काय, घरावर पिवळं निशाण फडफडतंय. थबकली. दोन पावलं पुढं, वारा आला, चार पावलं मागं. पुन्हा आली, पुन्हा माघारी गेली. शेवटी तुरीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

मी चहा घ्यायला वर आले तेव्हा हे घामानं भिजलेले. मला वाटलं पुन्हा कळ आली. "काय होऊन राह्यलं? छातीत दुखते काय?" तर बोट धुऱ्याकडं. मी बघितलं आणि माझा तोल गेला.

"अहो, पातळ जनावरं हाकलाले बांधते ना माणूस! तुमी तर तिलेच हाकललं!"

बोलले आणि जीभ चावली. ह्यांचा चेहरा बसला. सकाळपर्यंत त्या चेहऱ्यावर जे राहायला आलं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत उठून जाताना मी बघितलं. मी झटकन जाऊन पातळ सोडलं, खुंट्या उपटल्या. आभाळ भरून आलेलं, वारं गार. अंडी उघडी पडून किती वेळ झाला होता कोण जाणे. गोकर्णा मागोमाग आली. वाकून बघितलं, जीभ टाळ्याला लावून चक्‌ केलं.

"वहिनी, माह्या घरी कोंबडी खुडूक हाये. आन इकडं अंडे, तिच्या पोटाखाली सारून देतो. निंघतीन पिल्लं."

खुडूक कोंबडी म्हणजे उबवायला बसलेली कोंबडी. कुणाचंही अंडं द्या, आपलं म्हणून उबवते. माझा हात पुढं झालासुद्धा होता. कायदा मला ठाऊक आहे, मोराच्या अंड्याला हात लावणं गुन्हा आहे. पण मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. कोंबडी पिल्लांना उकिरडा दाखवील, दाणे दाखवील. झाड कोण दाखवणार? लांडोरीच्या जातीनं रात्र उंच झाडावर काढायची असते. जमिनीवर झोपलेल्या पिल्लाला कुत्रं, मुंगूस, कोल्हं, कुणीही नेईल. ते शिकवायला आईच पाहिजे.

"नाई," मी म्हटलं. "तशेच राहू दे. सारे जनं जा इथून."

बायांना मी वेळेआधीच घरी धाडलं. हे मात्र हलेनात. बाजेवर बसून धुऱ्याकडं टक लावून. तुरीच्या कडेला एकदा ती मान दिसली, आमच्याकडं वळली आणि पुन्हा खाली गेली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पातळ तर गेलं होतं. आता पातळाच्या जागी आम्ही दोघं होतो.

"अहो, तोंड फिरवा तिकडं. ती पाहू देत नाई कोनाले."

"मंग मी काय करू?"

"पाठ करा तिच्याकडं. अन् बसा."

ज्या माणसाला डॉक्टरांनी सगळं करायला मनाई केली, त्याच्या वाट्याला नुसतं बघणं एवढंच काम उरलं होतं. तेही मी काढून घेतलं. पण बाज फिरवली आणि आम्ही दोघं धुऱ्याकडं पाठ करून बसलो. समोर नाला, नाल्याच्या काठावर जुनं हिवराचं झाड, उंच आणि विरळ. पावसाचे चार थेंब आले आणि गेले. मग हे म्हणाले, "अमोलले सांग. मक्त्यानं देऊन टाक. आता माह्याच्यानं काईच धड होत नाई. जिथं हात लावतो तिथं इस्कोट."

रडायची ती वेळ नव्हती, आणि मला रडून बोलता येत नाही.

"स्प्रिंग छातीत बसवली तुमच्या, अकलेत नाई," मी म्हटलं. "चूक झाली, पातळ सोडलं, सरलं. पुन्याले जायचं तर जाऊ. पन अंडे वाया गेले म्हनून जायचं असंन, तर आंधी जाऊ तरी द्या वाया."

तेवढ्यात समोर हिवराखाली लांडोरी यायला लागल्या. ही त्यांची रोजची वेळ. दिवस मावळतीला टेकला की झाडाखाली जमायचं, उगाच इकडंतिकडं करायचं, मग एकीनं धावत येऊन खालच्या फांदीवर उडी घ्यायची. तिथं थोडं थांबायचं, चारी दिशांना बघायचं, मग वरची फांदी, मग त्याहून वरची. एकीची जागा दुसरीनं घेतली की वर चोचीनं कुरबुर. उजेड जायच्या आत सगळ्या वर. आमची अंड्यांवर बसायच्या आधी ह्या झाडावर चौघी असायच्या. ती बसल्यापासून रात्री तिघीच. उबवणारी बाई झाडावर जात नाही.

ह्यांनी माझं मनगट धरलं. दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं, की आज चौथी झाडावर चढली तर तिनं अंडी सोडली.

एक चढली. दुसरी. तिसरीनं दोनदा धाव घेतली आणि दोनदा थांबली, मेली! शेवटी चढली. आणि मग नाल्याच्या गवतातून अजून एक मान वर आली. ह्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली. मान पुढं सरकली, गवत हललं, हलतच राहिलं, आणि मागून निघाला हा लांबलचक पिसारा. मोर! जन्मात मोराला बघून मला इतका आनंद झाला नाही. तो ऐटीत शेंड्यावर जाऊन बसला. मग कुणी आलं नाही. अंधारायला लागलं, आणि कुणी आलं नाही.

"चाल," हे म्हणाले. आणि मी सांगते, स्कूटीपर्यंत गेलो, गाडी सुरू केली, पांदणीच्या वाटेला लागलो, ह्या माणसानं एकदाही मागं वळून बघितलं नाही. मी वळले. मला काही दिसलं नाही.

सकाळी गवतात तपकिरी पाठ होती. पाऊस अंगावर घेऊन, मान आखडून, जणू काल काही झालंच नाही. हे लांबूनच बघून बाजेवर आले आणि मला म्हणाले, भाकर जास्तीची आणली काय, भूक लागली.

त्यानंतर ह्यांनी बाज कधी धुऱ्याकडं केली नाही. खालच्या टोकाला बायांच्या मागं मागं फिरायला लागले. कुठल्या तासात तण राहिलं, कुठल्या पानाला अळी लागली, सांगायला लागले. गोकर्णा म्हणाली, आता खरंच घरी ठेवा. पुढं एका सकाळी घरट्यात नुसती टरफलं आणि एक न फुटलेलं अंडं. ज्या दिवशी फुटतात त्याच दिवशी पिल्लं आईमागं चालू लागतात; लांडोरीच्या घरात बाळंतिणीची खोली नसते. तुरीच्या तासातून ती चौघांना घेऊन फिरायची, चोचीनं किडा दाखवायची आणि आपण बाजूला व्हायची. रात्री जमिनीवरच, पंखाखाली. ते दिवस ह्यांना फार जड गेले. सकाळी आलो की आधी पिल्लं मोजायची. चार असायची, देवाची कृपा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांदेमळणीला घरी लवकर जायचं होतं. निघालो, तर ह्यांनी मला थांबवलं. हिवराखाली आमची मोडक्या तुऱ्याची उभी होती, पिल्लं भोवती. ती एकदम खालच्या फांदीवर गेली आणि तिथून बारीक आवाजात बोलावू लागली. एक पिल्लू फडफडत गेलं, फांदीला धडकलं, कसंबसं टिकलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं. चौथं खालीच. उडी मारायचं आणि धपकन पडायचं. आई खाली आली नाही. वरून बोलावत राहिली. ह्यांचा एक पाय पुढं गेला. तो पाय ह्यांनी आपणच मागं घेतला, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि उभे राहिले. पिल्लू थोडं लांब चालत गेलं, वळलं, धावत आलं, आणि गेलं वर! आईनं दोन्ही पंख जरा उचलले, दोघं इकडं, दोघं तिकडं आत शिरली, आणि झाडावर एकच मोठा पक्षी दिसायला लागला.

ह्यांचे डोळे भरून आले होते. माझेही. लपवायचं कुणापासून?

त्याच वेळी अमोलचा फोन आला. पोळ्यापर्यंतची मुदत त्याच्या बरोबर ध्यानात होती. "आई, ठरलं काय? येता ना मंग?" मी काही बोलायच्या आत ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"अमोल, तूच ये," हे म्हणाले, आणि आवाज असा, की नाल्यापलीकडं ऐकू जावा. "दोन रोज सुट्टी काढ. तुले एक दाखवाचं हाये. अन् दिवसाचा ये बरं. हे बाई दिवस बुडाच्या आंधी लेकरं घेऊन झाडावर जाते. मंग कोनासाठी खाली येत नाई."